ओसाड पांढरीचा वाटाड्या

"पाऊल टाकायच्या आधी भुईला इचारावं," असं मुंजाजी दर दोन वाक्यांमागं म्हणायचा.

पेडगावच्या शिवारात प्लेगात उठलेल्या एका वस्तीची पांढरी, म्हणजे ओसाड गावठाण, होती. घरं मातीला मिळाली, पण घराघरातली धान्याची पेवं जमिनीखाली तशीच राहिली. वर गवत, खाली दोन पुरुष खोल अंधार, आणि आत कोंडलेली हवा अशी, की पडलेला माणूस हाक मारायच्या आत संपावा.

कुठं पेव आहे आणि कुठं नाही, हे एकट्या मुंजाजीला ठाऊक, असं गाव मानायचं. मुंजाजीही मानायचा. चावडीवर तो काठी आपटून पोकळ आणि भरीव आवाजातला फरक शिकवी. चावडीला दगडी फरशी होती. तिथं सगळाच आवाज भरीव. पुरावा मागितला तर तो आपलं घर दाखवी. दर दिवाळीला त्याच्या भिंती पांढऱ्या मातीनं दुधासारख्या सारवलेल्या असत, आणि तशी माती त्या पांढरीशिवाय कुठं मिळत नव्हती.

मग लिंबाजीचा बैल एका पेवात गेला. महसूल खात्याचा अंमलदार, गिरदावर, घोड्यावर आला आणि हुकूम निघाला: मुंजाजीनं पुढं चालून पेवांपाशी चुन्याची खूण करावी, मागून गडी काटे टाकतील.

पांढरीच्या शिवेवरच्या चिंचेखाली मुंजाजी थांबला. भुईला विचारू लागला. बराच वेळ विचारलं.

"काय म्हनती, मुंजाबा?" लिंबाजीनं विचारलं. "आज बोलंना का?"

"चलो मियाँ," गिरदावर घोड्यावरून म्हणाला.

पुढं जावं तर जीव, मागं फिरावं तर वीस वर्षांचं नाव. मुंजाजीनं काठी या हातातून त्या हातात घेतली.

तेवढ्यात त्याची बायको धुरपताबाई पदर खोचत आली. तिनं त्याच्या हातातली काठी काढून घेतली.

"सरका. ह्या चिंचंच्या पल्याड तुमी कवा गेलात?"

"अगं, लोक ऐकायलेत."

"ऐकू द्या. भिंतीची माती काय पायानं चालत आली व्हय घरात?"

ती निघाली. काठी तिनं एकदाही आपटली नाही. रुईपाशी वळली, पडक्या जोत्याला वळसा घालून गेली, आणि दाखवलं, हे एक. मुंजाजीनं चुन्याचं घमेलं उचललं आणि तिच्या पावलावर पाऊल ठेवत मागं चालू लागला. "इचारावं, आधी इचारावं," तो पुटपुटत होता.

चिंचेखालून गाव बघत होतं. गडी मुंजाजीकडं बघून हसत होते. शेणानं भिंती सारवणाऱ्या बाया मात्र त्याच्याकडं बघतच नव्हत्या. धुरपताबाई कुठं कुठं वळते, तेवढंच त्या बघत होत्या.