गोळी मी खाल्ली, बैलांनी नाय!

चहा घ्या आणि हसायचं ते पोटभर हसा, मी रागावणार नाही. एवढा गाढवपणा आपल्या पोशीरमध्ये दुसऱ्या कुणी केला असेल तर दाखवा!

माझा दादा दिवाळीनंतर तापानं गेला. मागं राहिले त्याचे शर्यतीचे दोन बैल, तांबडा आणि भुऱ्या. काय बैल, महाराज! दादानं त्यांना कधी काठी लावली नाही, शेपटी पिळली नाही. झेंडा पडला की आपसूक सुटायचे.

पण मी कासरा हातात घेतला की माझे हात लटलटायचे. त्याच कासऱ्यावर दादाचे हात दिसायचे ना!

आबा म्हणाले, "या चैत्रातली शर्यत बघतो. गाडी तुला झेपली तर बैल ठेवतो, नाय तर बाजारात नेतो."

दादाचे बैल बाजारात? माझं जेवणच उडालं.

शर्यत कुंभिवलीच्या मोकळ्या खाचरांत होती. सकाळीच मामाचा गणू माजूमच्या दोन गोळ्या घेऊन आला.

"भांग हाय रं यात?"

"पैलवान खातात. अंगात वाघ येतो! पण अर्धीच खा."

अर्धी? मी काय अर्धा माणूस? दोन्ही गिळल्या!

गणूचं तोंड पडलं. "अरं, पंच तोंड हुंगतात!"

"बैलांचं हुंगतात. बैलाला दारू पाजली तर गाडी बाद, कारण बैलाला कुणी इचारत नाय. मी मला इचारून खाल्लंय! सवराज्य कशाला आणलं मग? माझं अंग, माझी मर्जी!"

स्वराज्य येऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं, आणि दुसरी नापास माणूस असं बोलतोय! माझा मलाच अभिमान वाटला.

पंच आले. त्यांनी दोन्ही बैलांची तोंडं हुंगली. "नुसता गवताचा वास! पोरा, तुझ्या दादाचं बैल नेहमीच चोख."

माझी छाती अशी फुगली म्हणता! त्याच तोऱ्यात छकड्यावर चढलो आणि तेवढ्यात गोळ्यांनी मला गाठलं.

हात लटलटायचे थांबले बरं का! पण बाकीचंही सगळं थांबलं. झेंडा पडायची वाट बघत मी बसलो. बसलो. बसलोच! मधेच बांधावरची झाडं माझ्याकडे पळत यायला लागली. म्हटलं, येऊ देत, त्यांनाही शर्यत बघायची असेल. कासरा मांडीवरून कधी घसरला, देव जाणे. छकडा तेवढा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

मग माणसं धावत आली. मी खेकसलो, "पंच, झेंडा टाका की आता! बैलांना उन्हात किती तिष्ठवाल?"

लोक खदाखदा हसले आणि मला खांद्यावर उचलायला लागले. मला वाटलं, संपलं! गोळ्यांचं कळलं, आता मला बाहेर काढतायत. दादाचे बैल चालले बाजारात!

"सोडा!" मी बोंब ठोकली. "गोळी मी खाल्ली, बैलांनी नाय! दोन खाल्ल्या! बैलांचा काय दोष? त्यांना पळू द्या, मला काढा!"

पंचांनी माझं तोंड हुंगलं आणि कपाळाला हात लावला.

"अरं येड्या, शर्यत झाली! तुझी गाडी पहिली आली!"

आता तुम्हीच सांगा, जिंकलेल्या माणसानं एवढं बोलायची काही गरज होती का?

"गाडीवान बाद करा!" हरलेले ओरडले.

पंच म्हणाले, "बैल चोख, गाडी पास. गाडीवानाला नियमच नव्हता. पुढल्या खेपेपासून गाडीवानाचं बी तोंड हुंगायचं!"

झालं! माझ्या स्वराज्यानं सगळ्या तालुक्याच्या गाडीवानांना आ करायला लावलं.

इनामाचा फेटा माझ्या डोक्याला नाही, तांबड्याच्या शिंगांना बांधला. मी त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडलो. भांगेनं हो! भांगेनंच, असं मी सगळ्यांना सांगतो.

आबा लोंबणारा कासरा गुंडाळत होते.

मी घाबरत विचारलं, "आबा, बैल इकणार?"

"इकीन कशाला?" आबा म्हणाले. "गाडीवानाबिगर जिंकणारं बैल मिळतात व्हय रं कुठं?"