उखर्डूआबा सुरतला गेले

आमच्या गल्लीत पोलीस एखाद्याचं नाव विचारत आले, की तो माणूस सुरतला गेलेला असतो. असं कोणी ठरवलेलं नाही. धुळ्याच्या या टोकाला खांबावरचा दिवा केव्हाचा गेलाय, गटार उघडं आहे, आणि चोरी कुठेही होवो, पोलिसांची गाडी आधी आमच्याकडे वळते. नाल्यापलीकडच्या कॉलनीत मात्र तेच पोलीस खुर्चीत बसून चहा पितात. माझं डोकंच फिरतं.

तर आमच्या उखर्डूआबांचा बैल चोरीला गेला. पोळा तोंडावर, आणि जोडीतला उरलेला बैल वैरणीला तोंड लावेना. आबांचंही जेवण सुटलं. तरी तक्रारीचं नाव काढलं की उसळायचे. शेवटी कॉलनीतली त्यांची भाची डिंपल त्यांना ओढतच ठाण्यात घेऊन गेली.

काही दिवसांनी तिन्हीसांजेला एक हवालदार गल्लीत आला. "उखर्डू पाटील कुठं राहतात?"

पटापट दारं लागली. ओट्यावर एकटे आबा उरले, गुडघ्यांमुळे त्यांना उठताच येईना.

"तो सुरतले गया," आबा म्हणाले.

"अरेरे. त्यांचा बैल सापडलाय हो."

"मीच उखर्डू शे!"

"आत्ता तर सुरतला होता!"

आबांनी आधार कार्ड काढलं. हवालदाराने मोबाईलचा उजेड पाडला. त्या फोटोत कोणीही असू शकलं असतं. आबा शेजारच्या दाराकडे वळून ओरडले, "वना, सांग रे मी कोन!"

आतून वनाचाच आवाज आला, "वना सुरतले गया!"

शेवटी आबांच्या पत्नी पुष्पाबाई पदर खोचत बाहेर आल्या आणि त्यांनी आबांकडे बोट दाखवलं. "ह्याच शेतस. बैल द्या, यास्ले ठेवी ल्या."

हवालदार पोट धरून हसला. बैल घरी आला तेव्हा आबा त्याच्या गळ्यात पडून रडले, आणि खरं सांगतो, मलाही भरून आलं. पोळ्याला आबांनी हवालदाराला बोलावून खापरावरची पुरणपोळी आग्रहाने वाढली. अख्खी गल्ली फटीतून बघत होती.

हात धुताना हवालदाराने सहज विचारलं, "त्या वनाचं घर कुठलं?"

आबांनी त्याच्या पाठीवर मायेने हात ठेवला.

"साहेब, तुम्ही देवमाणूस," ते म्हणाले. "पन वना सुरतले गया."