ओलीच्या तेरा फ्रेमा

मामांना भाडेकरू म्हटलेलं अजिबात आवडत नसे. सव्वीस वर्षं ज्या घरात राहिलो, ज्याच्या उंबऱ्याला ठेचकाळून आपल्या पायाच्या अंगठ्याचा आकार बदलला, त्या घरात आपण भाडेकरू कसे? पण नोटिशीत तसंच लिहिलं होतं, तेही चारदा. 'उपरोक्त भाडेकरू यांनी भाडे दुप्पट करण्यास मान्यता द्यावी, अन्यथा तीन महिन्यांत जागा रिकामी करावी.' खाली धाकट्या मालकांची सही.

"उपरोक्त म्हणे!" मामी म्हणाल्या. "कालपर्यंत नाक पुसायला माझा पदर लागायचा याला."

मामा फ्रेमा बनवत. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार, आणि दोन्हीकडे सारखाच लाकडाचा भुसा. पट्ट्या कापणं, चारी कोपरे गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, धरून जुळवणं हे मामांचं काम. काच कापणं मात्र मामींचं. मामांनी काचेला हात लावला की ती तडकलीच म्हणून समजा. लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी त्यांनी काच कापायची हिरकणी मामींच्या हातात दिली आणि सुटकेचा निःश्वास सोडला, तो अजून सोडतच आहेत. आजूबाजूच्या चार रस्त्यांत असं घर नसेल जिथल्या भिंतीवर या दोघांच्या हातची एखादी फ्रेम नाही.

आणि मामांची एक खोड होती. फ्रेम कितीही किरकोळ असो, तिच्या पाठीमागे ते पेन्सिलीनं लिहीत: चित्र काय, कुणाचं, माप किती, तारीख कोणती. पेन्सिल आधी जिभेला लावायची, मग लिहायचं. "उद्या कुणी काच बदलायला आणली तर माप शोधत बसायला नको," असं ते सांगत. खरं कारण वेगळं होतं. त्यांना लिहायला आवडे, आणि दुसरं लिहिण्यासारखं काही नव्हतं.

आता भांडण कशाचं, ते ऐका. दुकानाच्या मागच्या भिंतीला बाहेरून छपराच्या पाण्याचा पाइप उतरलेला. चौदा वर्षांपूर्वी तो तडकला आणि आत भिंतीवर ओल आली. पहिल्यांदा तळहाताएवढी. मामांनी थोरल्या मालकांना बोलावून दाखवली. थोरले मालक वरच्याच मजल्यावर राहत. गडगडाटी हसणारा, अघळपघळ माणूस. त्यांनी डाग पाहिला, मान डोलावली, चहा घेतला आणि निघून गेले. महिनाभरानं पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मामांनी हात टेकले. त्या डागाभोवती त्यांनी एक छानशी फ्रेम ठोकली, कडेनं पांढऱ्या पुठ्ठ्याचा माउंट घातला, आणि मालक भाडं घ्यायला आले तेव्हा म्हणाले, "मालक, चित्र तुमचं आहे. कलाकारानं खाली सही करायची असते."

थोरले मालक असे हसले, असे हसले की वरून मालकीणबाई काय झालं म्हणून धावत आल्या. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि माउंटच्या उजव्या कोपऱ्यात ऐटीत लिहिलं, 'पाहिलं. पुढच्या वर्षी नक्की.' खाली झोकदार सही.

पुढच्या वर्षी डाग फ्रेमबाहेर गेला. मामांनी मोठी फ्रेम केली, जुनी काढून पलंगाखाली टाकली. पुन्हा सही. एका वर्षी मामींनी सवयीनं तिला काचही बसवली. तीन दिवसांत आतून काचेवर पाणी सुटलं आणि थेंब ओघळायला लागले. "जिवंत चित्र आहे हो!" म्हणून थोरले मालक शेजारपाजारच्यांना घेऊन आले. असं तेरा वर्षं चाललं. पाइप बदलला नाही, पण भाडंही वाढलं नाही. दोघांमध्ये न बोलता ठरलेला तो सौदा होता आणि दोघंही त्यात खूश होते. मग गेल्या वर्षी थोरले मालक गेले. सगळ्यात मोठी, तेरावी फ्रेम तेवढी भिंतीवर राहिली.

धाकटे मालक म्हणजे थोरल्यांचा मुलगा, नव्या वस्तीत राहायला गेलेले, मोठ्या कचेरीत नोकरीला. त्यांना हा सौदा काय ठाऊक! त्यांनी कागद पाहिले, भाड्याचा आकडा पाहिला आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. मामा म्हणाले, थोडं वाढवा, काही हरकत नाही, पण आधी पाइप बदला. धाकटे म्हणाले, ओल पाइपामुळे नाहीच, तुम्ही भिंतीत खिळे ठोकठोकून ती खिळखिळी केलीत म्हणून यंदा आली, उलट दुरुस्ती तुम्हीच करून द्या. झालं! प्रकरण भाड्याच्या कचेरीत गेलं. तिथल्या पाहणीच्या बाई शुक्रवारी येऊन भिंत बघणार आणि ठरवणार, असं पत्र आलं. दुप्पट भाडं ठरलं तर मामांना घर सोडावंच लागणार होतं. एवढे पैसे फ्रेमांत सुटत नाहीत, आणि साठीच्या पुढे नव्या रस्त्यावर दुकान मांडायचं म्हणजे कुणाच्या भिंतीच्या भरवशावर?

बुधवारी सकाळी दारात रंगारी उभा. मालकांनी पाठवलं म्हणाला. मामांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "बघ, सुधारला पोरगा!" त्यांनी स्वतःच्या हातानं तेरावी फ्रेम उतरवली. रंगाऱ्यानं दोन छटा दाखवल्या तर मामांना राहवेना. "ही पिवळसर नको, चित्रं मरतात तिच्यावर. ही घे, ही." शिडी धरली, कोपऱ्यात कुठं राहिलंय ते दाखवलं, खिळ्यांची भोकं बुजवू नको म्हणून बजावलं, कारण ती पुढं उपयोगी पडतात. मामींनी त्याला दोनदा चहा दिला. दुपारपर्यंत भिंत अशी लख्ख झाली की मामा लांबून, जवळून, एक डोळा मिटून बघत राहिले.

"पाइप कधी बदलणार?" मामींनी रंगाऱ्याला विचारलं.

"कसला पाइप? मला फक्त शुक्रवारच्या आत डाग झाकायला सांगितलंय," असं म्हणून तो डबे उचलून चालता झाला.

मामी मटकन स्टुलावर बसल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "आपला एकुलता एक पुरावा पुसला त्यानं. आणि रंग कोणी निवडून दिला? तुम्ही!"

"शिडीपण धरली मी," मामा पडेल आवाजात म्हणाले.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. आणि मग, काय सांगावं, मामींना हसू फुटलं. आधी नाकातून, मग तोंडातून, मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मामाही हसायला लागले. छप्पर जायची वेळ आली आणि ही दोघं पोट धरून हसताहेत! काही माणसांपुढे संकटालाच ओशाळं व्हावं लागतं ते असं.

हसणं ओसरल्यावर मामी उठल्या. "पलंगाखालच्या फ्रेमा काढा."

"नको."

"नको काय? प्रत्येकीवर तारीख आहे, माप आहे, वर त्यांची सही आहे."

मामा म्हणाले, "काय काय लिहिलंय त्यांवर, तुला माहीत आहे. ते आमच्या दोघांतलं होतं गं. गेलेल्या माणसाला साक्षीला उभं करायचं, तेही त्याच्याच मुलापुढे? माझ्यानं नाही व्हायचं." मामी यावर काही बोलल्या नाहीत. मामी बोलत नाहीत तेव्हा त्यांचं काहीतरी ठरलेलं असतं, हे मामांना सव्वीस वर्षांत कळायला हरकत नव्हती.

शुक्रवारी पाहणीच्या बाई आल्या. लहानखुऱ्या, चष्मेवाल्या, हातात जाडजूड वही. मागोमाग धाकटे मालक, कडक इस्त्रीच्या शर्टात. त्यांनी मामांकडे नीट पाहिलं नाही. मामांनी मात्र पाहिलं आणि त्यांच्या मनात आलं, केवढा वाळलाय हा.

बाईंनी भिंतीला तळहात लावला. "थंड लागतेय. पण डाग काही दिसत नाही."

"किरकोळ होता. यंदाचाच," धाकटे म्हणाले. "ही भोकं बघा ना. नुसती चाळण केली आहे भिंतीची."

बाईंनी भोकं मोजली आणि वहीत लिहिली. "बाबा, ओल जुनी आहे असं तुमचं म्हणणं. काही दाखवायला आहे?"

मामांनी घसा खाकरला. पलंगाकडे नजर गेली, धाकट्यांकडे गेली, पायाच्या अंगठ्याकडे आली. "नाही," ते म्हणाले.

"आहे की!" मामी आतून कडाडल्या, आणि फ्रेमांचा पहिला गठ्ठा ओढत घेऊनच बाहेर आल्या. भुसा, धूळ, कोळ्याची जाळी, सगळ्यासकट. त्यांनी तेराही फ्रेमा भिंतीशी ओळीनं मांडल्या. सगळ्यात लहान वहीएवढी, सगळ्यात मोठी पलंगाच्या चादरीएवढी. आत चित्र एकीतही नाही. नुसते पांढरे माउंट आणि मध्ये रिकामी जागा. पण त्या रिकाम्या जागा बघूनच कळत होतं, डाग वर्षा-वर्षाला कसा फुगत गेला ते.

बाईंनी पहिली उलटी केली. "चित्र: ओल," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "कलाकार: मालक. माप आठ बाय सहा." तारीख वाचून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग सुलट करून कोपरा वाचला. "पाहिलं. पुढच्या वर्षी नक्की." दुसरी घेतली. "पाहिलं. जरा वाढलंय. पुढच्या वर्षी अगदी नक्की." बाईंच्या ओठाचा कोपरा हलायला लागला. सरकारी चेहरा सांभाळायचा म्हणजे काय कष्ट असतात ते त्या दिवशी त्यांनाच ठाऊक.

तिसरी फ्रेम धाकट्यांनी उचलली. बापाचं अक्षर त्यांना लांबूनच ओळखू आलं होतं. ते वाचायला लागले आणि मध्येच थांबले.

"द्या इकडे, राहू दे ते," मामा घाईनं पुढे झाले.

पण बाईंनी त्यांच्या खांद्यावरून वाचलं होतं. "पाइपाचे पैसे पोराच्या फीला गेले. त्याला इंजिनीअर करतोय. तुम्ही भिजा, मी भाडं वाढवणार नाही. शपथेवर." चौथीवर होतं, 'अजून तीन वर्षं कळ काढा.' पाचवीवर, 'पोरगं हुशार निघालं हो!' सहावीवर, 'शेवटचं वर्ष. पेढीचं कर्जही घेतलंय. तुमच्या ओलीवर माझं पोरगं शिकतंय, विसरणार नाही.' आणि तेरावीवर सही थरथरलेली, ओळ खाली घसरलेली. 'या वर्षी राहूनच गेलं. पोराला सांगेन.'

धाकटे मालक फ्रेम हातात धरून उभे होते, आणि त्या चौकटीतून त्यांचा शर्ट तेवढा दिसत होता.

"काय शिकलात आपण?" बाईंनी हळूच विचारलं.

"पाणीपुरवठा," धाकटे म्हणाले. "पाइप."

मामींना हसू आवरेना. त्यांनी पदर तोंडाला लावला. पण धाकटे स्वतःच आधी हसले. आणि हसले ते थेट बापासारखे, गडगडाटी, भिंतीवरची फुटपट्टी हलेल असे. मग हसता हसता त्यांचे डोळे भरले आणि ते मामांच्या कटिंगच्या टेबलावर, भुशातच, इस्त्रीच्या कपड्यांनिशी बसले. "मामा," ते म्हणाले. कितीतरी वर्षांनी म्हणाले. "मला हे सांगितलं का नाही?"

"अरे, त्यानं सांगायचं होतं," मामा म्हणाले. "मी कोण मध्ये? मी नुसती फ्रेम केली."

बाईंनी वहीत लिहिलं: आधी पाइप, मग भाडं, आणि तेही वाजवी. जाताना त्यांनी आपल्या आईच्या फोटोचं माप देऊन ठेवलं.

पाइप धाकट्यांनी कुणा गवंड्याकडून बदलून घेतला नाही. दोन रविवार स्वतः शिडीवर चढून बदलला. शिडी मामांनी धरली. त्यात ते आता तरबेज झाले होते. मामी खालून सूचना देत होत्या, आणि त्यातली एक तर बरोबरही निघाली. भाडं थोडं वाढलं. मामांनी ते कुरकुरत दिलं, कारण न कुरकुरता वाढीव भाडं देणं त्यांना बरं वाटेना.

बारा फ्रेमा धाकटे घेऊन गेले. सगळ्यात लहान तेवढी मामांनी ठेवून घेतली. वर्षभरानं धाकटे भाड्यासाठी आले तेव्हा ती जुन्याच भोकात ठोकलेल्या खिळ्यावर, जुन्या जागी लटकत होती. आत नवा माउंट आणि मध्ये कोरडी, स्वच्छ भिंत. धाकट्यांनी भिंतीला हात लावून पाहिला. मग खिशातून पेन काढलं आणि उगाच इकडंतिकडं बघितलं.

"मामा, मी करू सही? पण यात चित्रच नाही."

"आहे की," मामी म्हणाल्या. "बारकाईनं बघा जरा."

धाकट्यांनी कोपऱ्यात लिहिलं, 'पाहिलं. बाबांचं राहिलेलं केलं.' अक्षर बरंचसं बापाच्या वळणाचं होतं. मामांनी फ्रेम खिळ्यावरून काढली, टेबलावर उलटी घातली, पेन्सिल जिभेला लावली आणि चष्मा कपाळावर ढकलून सावकाश लिहिलं. चित्र: कोरडी भिंत. कलाकार: मालक, बाप आणि मुलगा.