तळ्यावरचे पाच तास

ॲन आर्बरच्या आमच्या घरापासून ते तळं एकशे बारा मैल होतं. तिथे आम्ही दर जुलैत एक दिवस बोट भाड्याने घ्यायचो. दोन लांब नळकांड्यांवर तरंगणारा सपाट ओटा, त्यावर चार बाकं, मागे इंजिन आणि वर घडीचं कापडी छत. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, माझी बायको गेली त्या वर्षीही आम्ही गेलो. ती फेब्रुवारीत गेली होती. मुलगी चौदा वर्षांची होती आणि माझी आई एकाहत्तरची. आई एप्रिलमध्ये साताऱ्याहून आली होती आणि तेव्हापासून घर तीच सांभाळत होती.

त्या वर्षी मला फारसं काही जाणवत नसे. मे महिन्यात एकदा गरम कुकरला हात लागला आणि फोड आलेला मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात दिसला. मी रडत नव्हतो, चिडत नव्हतो. वेळेवर कामाला जात होतो आणि वेळेवर परत येत होतो.

वेळेवर परत येण्याला कारण होतं. बायको हॉस्पिटलमध्ये होती त्या शेवटच्या दिवशी मी मुलीला फोनवर सांगितलं होतं, "चारला येतो." आलो तो पावणेसातला, आणि तेव्हा सांगायला एकच गोष्ट होती. त्यानंतर मी घराबाहेर पडताना ती दर वेळी दारात येऊन विचारायची, "व्हॉट टाइम, बाबा?" मी आकडा सांगायचो. पाच पस्तीस. सव्वाबारा. आणि त्या आकड्याला मी घरात असायचो. पाच महिन्यांत एकदाही चुकलो नव्हतो. दुसरं काही देण्यासारखं माझ्याजवळ नव्हतं, म्हणून हे देत होतो.

जूनमध्ये एकदा जेवताना तिने विचारलं, "बोटीवर जायचं ना या वर्षी?" फेब्रुवारीनंतर तिने काही मागितलं ते हे पहिलं. मी दुसऱ्याच दिवशी फोन करून जुलैमधला एक शनिवार ठरवला. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर तो लिहायला गेलो तेव्हा दिसलं की त्या दिवशी संकष्टी चतुर्थी आहे.

ते कॅलेंडर भारतातून येई. त्यात छापलेली चंद्रोदयाची वेळ इथे उपयोगाची नाही, म्हणून बायको दर जानेवारीत लायब्ररीत जाऊन इथल्या वेळा काढायची आणि चौकटींत पेन्सिलीने लिहायची. ती गेली तेव्हा डिसेंबरपर्यंतच्या वेळा लिहिलेल्या होत्या. मार्चपासून मी तिची चतुर्थी धरायला लागलो होतो. मी देवभक्त नाही. तिने वर्षाच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या आणि त्या कोणी पाळल्या नाहीत तर वाया जातील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आईची चतुर्थी तर लग्नाच्या आधीपासूनची. मुलीला मी काही सांगितलं नव्हतं.

शनिवारी सकाळी निघताना तिने विचारलं, "व्हॉट टाइम?"

"अगं, तू बरोबरच आहेस ना गाडीत," आई म्हणाली.

"तरी."

"सहा," मी म्हटलं. चारला बोट परत करायची, दोन तास रस्ता. हिशेब बरोबर होता.

मी यादी केली होती. तीन लाइफ जाकिटं, दोन टॉवेल, उन्हाचं मलम, दोन गॅलन पाणी, मुलीसाठी सँडविचेस, आम्हा दोघांसाठी डब्यात साबुदाण्याची खिचडी. खिचडी आम्ही सकाळी सातलाच खाल्ली, कारण आईच्या मते ती गार झाली की रबर होते.

बोटी भाड्याने देणारी बाई सत्तरीची असेल. तिने इंजिन दाखवलं, कागदावर सही घेतली आणि आईकडे बघून मला सांगितलं, "तहान नसली तरी पाणी प्या. दुपारी तासभर किनाऱ्यावर उतरा, सावलीत बसा. आणि परतल्यावर लगेच गाडी चालवू नका. लोक म्हणतात आम्ही दिवसभर नुसते बसलो होतो, मग दमलो कसे." मी मान हलवली. दर वर्षी ती हे सांगत असावी. दर वर्षी ते माझी बायको ऐकत असावी.

आईला साडीवरून लाइफ जाकीट घालायला दहा मिनिटं लागली. "लग्नात शालू नेसवला तेव्हा एवढ्या गाठी मारल्या नव्हत्या," ती म्हणाली. मुलगी हसली.

अकराला आम्ही पाण्यात होतो. मुलगी पोहली, बाकावर आडवी पडून उन्हात वाळली, पुन्हा पोहली. मी सुकाणूच्या चाकापाशी बसून होतो. वारा गार होता, त्यामुळे ऊन लागत नव्हतं. म्हणजे लागत होतं, कळत नव्हतं. आईला मी पाण्याचा पेला दिला तर तिने बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"इथे बाथरूम कुठे आहे?"

"इथे नाही. किनाऱ्यावर आहे."

"मग पाणी कशाला देतोस?"

"किनाऱ्यावर जाऊ ना आपण."

"माझ्यासाठी एवढी नाव वळवायला नको. मी एसटीने कोल्हापूरपर्यंत जायची ती अशीच. गप बस."

मी पेला बाजूला ठेवला. दुपारी किनाऱ्यावरही गेलो नाही, कारण मुलगी पाण्यात होती आणि कोणी तसं म्हटलं नाही. वर आल्यावर मुलीने सँडविच माझ्यापुढे धरलं.

"भूक नाही," मी म्हटलं. ते खरं नव्हतं. पण खोटं होतं असंही छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण भूक लागलेली मला कळत नव्हती.

चारला बोट परत दिली. सामान गाडीत भरताना पाण्याचा कॅन उचलला तर तो सकाळइतकाच जड होता. दोन गॅलनपैकी जेमतेम पाव गॅलन संपलं होतं, तेही मुलीने प्यायलेलं. आणि तेव्हाच पाहिलं की बोटीचं छत घडी करून बांधलेलंच होतं. ते उघडायचं काम बायको करायची. पाच तास मी त्या गुंडाळलेल्या कापडाखाली बसलो होतो आणि वर बघितलं नव्हतं.

चार वाजून पाच मिनिटांनी निघालो. आई मागच्या सीटवर लगेच झोपली. मुलगी पुढे होती. हायवेला लागल्यावर मी नेहमीप्रमाणे मैलांचे खांब मोजायला लागलो. ती माझी सवय आहे. चौऱ्याऐंशी दिसला. त्यानंतर दिसला तो ब्याऐंशी, आणि त्याच वेळी उजवी चाकं कडेच्या खडीवर खरखरली.

मी गाडी सरळ केली. त्र्याऐंशीचा खांब मी पाहिला नव्हता. सत्तरच्या वेगाने एका मैलाला एक्कावन्न सेकंद लागतात. चौऱ्याऐंशी ते ब्याऐंशी हे दोन मैल माझ्या हिशेबात कुठेच नव्हते. मी झोपलो होतो असं मला वाटलं नाही. काहीच वाटलं नाही, हाच प्रश्न होता.

मुलीने दाराची कडी धरली होती. तिची बोटं पांढरी झाली होती.

पाच मैलांवर रेस्ट एरिया होता, हायवेलगत गाड्या थांबवायची जागा. मी तिथे वळलो आणि इंजिन बंद केलं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. घर पन्नास मैल होतं. त्याच क्षणी पुन्हा निघालो असतो तर सहाला पोचलो असतो.

"यू सेड सिक्स," ती म्हणाली.

"हो. सहाला पोचणार नाही. मी दमलोय आणि ते मला आधी कळलं नाही."

ती समोर काचेकडे बघत राहिली. आई जागी झाली, बाथरूमची इमारत दिसताच दार उघडून चालायला लागली. परत यायला तिला बराच वेळ लागला. आल्यावर म्हणाली, "नळ आहे तिथे, दाबला की वर उडतो. तीनदा प्यायले." मुलगी नाणी टाकायच्या मशीनमधून बटाट्याच्या वेफर्सची दोन पाकिटं आणि चीज लावलेली बिस्किटं घेऊन आली.

"बटाटा चालतो," आई म्हणाली. "तेल कसलं आहे ते वाच."

मुलीने पाकिटावरचं वाचलं. मी सांगितलं, "सरकीचं."

"सरकी म्हणजे कापूस. कापूस चालतो. आण इकडे."

मुलीने मला बिस्किटं दिली. मी नको म्हटलं आणि वेफर्स घेतले. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आजीकडे, मग आजीच्या हातातल्या पाकिटाकडे.

"बाबा, आर यू फास्टिंग?"

"तुझ्या आईची चतुर्थी आहे. म्हणून."

मग तिने इंग्रजीत, सावकाश सांगितलं, की तिची आई चतुर्थीला दर तासाला काहीतरी प्यायची. ताक, लिंबाचं सरबत, संत्र्याचा रस. फळं खायची. दुपारी पडायची. मुलगी शाळेतून घरी यायची तेव्हा ती सोफ्यावर झोपलेली असायची. "यू डोन्ट नो धिस?"

मला माहीत नव्हतं. मी त्या वेळी ऑफिसात असायचो. मला कॅलेंडर माहीत होतं. तिचा उपवास मी पाच महिने केला होता, आणि त्यातला फक्त न खाण्याचा भाग केला होता.

"खा ते बिस्किट," आई म्हणाली. "आजारी माणसाला उपवास नसतो."

"मी आजारी नाही."

"नाहीस?"

मी बिस्किट खाल्लं. मग दुसरं. कॅनमधलं पाणी कोमट झालं होतं, ते दोन पेले प्यायलो. मग घड्याळ काढून मुलीच्या हातात दिलं आणि म्हटलं, "वीस मिनिटांनी उठव." सीट मागे केली.

तिने मला पस्तीस मिनिटांनी उठवलं. सहा वाजले तेव्हा मी झोपलो होतो आणि माझं घड्याळ तिच्या हातात होतं. सहा वाजताना तिने ते पाहिलं असणार. आई म्हणाली की पाहिलं, आणि मग ते उलटं करून मांडीवर ठेवलं. सात वाजता घरी पोचलो.

नंतर मी हिशेब मांडला. बोट मिनिटाला साधारण वीसदा हलते. पाच तासांत सहा हजार वेळा. दर वेळी पाठ, मान आणि पाय शरीराला थोडं थोडं सावरतात, बसल्या जागीसुद्धा. त्यात इंजिनाची थरथर, त्याच्यावर आवाज चढवून बोलणं, पाण्यावरच्या चकाकीने बारीक केलेले डोळे. वारा घाम वाळवतो, म्हणून पाणी कमी झालेलं समजत नाही. दमणूक येणारच, आणि ती आल्यावर कळेल या भरवशावर राहता येत नाही. निदान मला तरी नाही. म्हणून पुढच्या वर्षांपासून मी सगळं घड्याळावर बसवलं. दर अर्ध्या तासाला पेलाभर पाणी. छत सुरुवातीलाच उघडायचं. बाराला किनाऱ्यावर, तासभर, आणि आईला हे आधी सांगायचं, म्हणजे ती पाणी पिते. परतीच्या आधी अर्धा तास डोळे मिटून पडायचं. चतुर्थीला बोट नाही.

त्या शनिवारनंतरच्या सोमवारी मी कामाला निघालो तेव्हा मुलगी दारात आली. मी बूट घालत होतो.

"व्हॉट टाइम?"

"पाच पस्तीस."

"किंवा सहा," ती मराठीत म्हणाली आणि आत गेली.