काखेतली नळी

पारास्का मेल्निचुकला वेड लागलंय, हे तिच्या गावात डॉक्टरांच्याही आधी तिच्या नवऱ्याने जाहीर केलं. मग डॉक्टरांनीही मान डोलावली. सोमवारच्या गाडीने तिला वेड्यांच्या इस्पितळात पोचवायचं ठरलं, आणि शुक्रवारी भर जानेवारीच्या थंडीत ती माझ्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

दुखणं बाईपणाचं होतं. दीड वर्ष अंगावरून घाण पाणी जात होतं, खाज अशी की चर्चमध्ये उभं राहवत नसे. एकटीच्या बळावर गोठा आणि कोंबड्या सांभाळणारी ही खमकी बाई, पण तिने रविवारची प्रार्थना सोडली, चुलीवरचा बोर्श्ट, बीटाचा रस्सा, करपू दिला, आग थांबावी म्हणून बर्फात जाऊन बसू लागली. तिचा नवरा ओस्ताप भेटेल त्याला सांगे, "तिला काही झालेलं नाही हो. सगळं डोक्यात आहे."

आमच्या इस्पितळात तेव्हा डॉक्टर हॅडली एक तुलना करत होते. बायकांचा स्राव ओला असतानाच सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, आणि त्याच स्रावाच्या काचा ग्रॅम आणि पॅप या दोन रीतींच्या रंगांत रंगवूनही पाहायच्या. कुठली रीत रोग नीट पकडते ते ठरवायचं होतं. रंगवायचं काम माझं. ग्रॅमच्या रंगात या रोगाचा जंतू पूच्या पेशींत असा मिसळून जाई की खात्रीने काही सांगता येत नसे. पॅपच्या रंगात मात्र पारास्काच्या काचेवर तो दर वेळी दिसला, हिरवट राखाडी, नासपतीच्या आकाराचा. पण डॉक्टरांनी आधीच ठरवून टाकलं होतं की ओल्या काचेवर वळवळताना दिसेल तोच खरा. ओली काच नाही म्हणाली आणि रंगवलेली हो म्हणाली, तर रंग खोटा. म्हणजे पारास्काचं दुखणं माझ्या रंगाची चूक म्हणून जमा होत होतं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"तिच्या गावच्या नर्सकडून स्रावाची नळी बसने येते, वाटेतच गारठते," मी डॉक्टरांना म्हणाले होते. "मेलेला जंतू वळवळणार कसा? तुम्हीच इथे तपासा ना तिला."

"मलाही तीच शंका आहे, ओलेना. पण तपासण्यांनी तिचं खूळ वाढतं, पुन्हा तपासू नका, असं ओस्ताप हात जोडून सांगून गेलाय. हलताना दाखव, मी लगेच गोळ्या देतो."

हे मी पारास्काला सांगितलं होतं, म्हणून ती आली होती. कोटाची बटणं काढून तिने उजव्या काखेतून एक नळी बाहेर काढली. अजून कोमट होती.

"मार्चमध्ये पिल्लं अशीच जगवते मी," ती म्हणाली. "बघ पटकन. ओस्ताप खाली ट्रकमध्ये बसलाय. त्याला वाटतंय, मी तुझा निरोप घ्यायला आलेय."

मी थेंब काचेवर ठेवला. जंतू वळवळत होता! मी धावत सुटले. डॉक्टर एका म्हाताऱ्याचा मोडलेला हात बांधत होते, ते सोडून त्यांना येता येईना. ते आले तोवर खिडकीजवळची काच थंड पडली होती. त्यांनी बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"ओलेना, काही हलत नाहीये."

पारास्का मटकन खाली बसली. तिने डॉक्टरांचा कोट धरला. "मी वेडी नाही हो, डॉक्टर. तिथे घातलंत तर मी परत येणार नाही. माझ्यावर दया करा हो!" माझ्याच्याने ते बघवेना. मग तिने बाहीने नाक पुसलं आणि डाव्या काखेत हात घातला.

"नर्सकडून दोन घेतल्या होत्या. डॉक्टरांची वाट बघायची सवय आहे मला."

तशातही मला हसू फुटलं. या वेळी मी काच ठेवली तेव्हा डॉक्टर डोळा लावूनच बसले होते.

"आहे," ते हळूच म्हणाले. "पोहतोय. मला माफ करा, बाई."

पारास्का आधी हसली आणि मग ओक्साबोक्शी रडली. मीही रडले.

डॉक्टरांनी ओस्तापला वर बोलावलं. सोमवारचं जाणं रद्द झालं, तो म्हणत होता तसं डोक्यात काही नव्हतं, हा जंतू नवराबायकोत एकमेकांना लागतो, औषध दोघांनीही घ्यायला हवं, हे सगळं समजावलं. दोघांच्या हातावर एकेक पुडी ठेवली. तोंड कुठे लपवावं ते न कळून ओस्तापने पुडी उघडली, गोळ्या पाहिल्या आणि नाक मुरडलं.

"परत ह्याच? दिवसभर तोंडात तांब्याचा पैसा चघळल्यासारखं लागतं."

डॉक्टरांनी त्याला याआधी एकही गोळी दिली नव्हती. ते त्याच्याकडे बघतच राहिले.

"कधी घेतल्यास?" पारास्काने विचारलं.

तो हातातली टोपी फिरवत राहिला. "गहू विकायला शहरात गेलो होतो... तेव्हा."

"म्हणजे मला काय झालंय ते तुला ठाऊक होतं."

पारास्काने कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि माझ्याकडे वळली. "ओलेना, तुझ्या घरी एक खाट रिकामी आहे ना?"

"आहे."

"असं काय करतेस?" ओस्ताप गडबडला. "गाईंचं दूध कोण काढणार?"

"वेडी बाई दूध काढत नसते," पारास्का म्हणाली.