दादांचा बारका डोळा

आमच्या वडवणीच्या घरात समोरच्या भिंतीवर वडिलांचा फोटो होता. निळा कोट, लाल टाय, दुधात बुचकळून काढल्यासारखा चेहरा. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते बांधकाम खात्यात मैलकुली होते; जन्मभर खडी आणि डांबर. कोट त्यांनी कधी अंगाला लावला नाही. ते गेल्यावर फोटोवाल्याने ओळखपत्रावरचा चेहरा कापून एका तयार कोटाच्या गळ्यात बसवला आणि गोरा केला. उकळत्या डांबराचा थेंब उडून दादांचा डावा डोळा बारका झाला होता, तोही त्याने उजव्याइतका करून दिला. वर म्हणाला, "साहेब करून टाकलं बघा, बाई."

कोटाला माझा विरोध नाही. आमच्या समाजात त्याला मान का आहे, हे मला कुणी शिकवायला नको. पण ज्याने तो घातला त्याने तो कमावला होता. दादांना तो दुकानदाराने चढवला.

आईने त्या फोटोकडे कधी धड पाहिले नाही. मग तिची नजर जाऊ लागली. बीडच्या डॉक्टरांनी सांगितले, नस सुकतेय, जेवढे दिसते तेवढे दिवस दिसेल. घरी आल्यावर चहा पिताना ती म्हणाली, "दिसतंय तवर माझा मानूस दाव मला. भितीवरचा कोन हाय, मला ठावं न्हाई."

कागदावरचे तिला दिसतच नव्हते. पण माझा मुलगा शिकायला गेल्यावर त्याचा कॉम्प्युटर घरी पडून होता, आणि त्याच्या पडद्यावर लावलेला पोपटाचा फोटो तिला जवळून दिसायचा. आतून उजेड असतो ना. म्हणून ठरवले, पोपट काढायचा आणि तिथे दादा लावायचे. मी शाळेत विज्ञान शिकवते. फळ्यावर हृदय आणि मूत्रपिंड काढून हात तयार आहे. फक्त चित्र काढायचे सॉफ्टवेअर हवे होते.

इथून घाण सुरू झाली.

आधी मोबाइलवरचे एक फुकटचे ॲप घेतले. चार रेषा ओढल्या की रमीची जाहिरात. ती बंद करायची फुली खसखशीएवढी. त्यातून वाट काढून मी दादांचा गाल रंगवला, तर तो आपोआप उजळला. पुन्हा काळा केला, पुन्हा उजळला. त्या ॲपच्या मते काळा गाल ही चूक होती.

मग बाजारातला फ्लेक्सवाला पेन ड्राइव्ह घेऊन आला. गावातल्या सगळ्या भाऊंचे वाढदिवस ह्याच माणसाच्या हातून साजरे होतात.

"मॅडम, कावून डोकं लावताय? सगळी दुनिया हेच वापरती. क्रॅक हाय, टाकून देतो."

"चोरीचं आहे म्हणजे."

"चोरी कसली! वडवणीत कुनी इकत घेतलंय का आजवर?"

त्याने तिथल्या तिथे ते टाकले, दादांचा चेहरा उघडला, दोन बटणे दाबली आणि दोन्ही डोळे सारखे करून हसला. "एक नंबर! आता मागं उगवता सूर्य टाकू?" मी त्याला चहा दिला आणि घालवले. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर उघडला तर पडदाभर उघड्यानागड्या बायका. सगळे पुसून यंत्र पुन्हा भरून घ्यावे लागले. मुलाचे शाळेपासूनचे फोटो गेले ते गेलेच.

शाळेतल्या एका सरांनी नवीन युक्ती सांगितली, हल्ली काढावे लागत नाही, लिहिले की मशीनच काढते. मी ओळखपत्रावरचा फोटो दिला आणि लिहिले, मराठवाड्यातला रस्त्यावर काम करणारा म्हातारा मजूर. मशीनने भरघोस मिशी दिली, केशरी फेटा बांधला आणि कपाळावर ठसठशीत गंध ओढले. मी पुसायला जाणार तोवर आई पडद्याला नाक लावून बसली होती.

"कपाळाला काय हाय त्ये?"

"गंध. मशीननं लावलं."

ती मागे सरकली. दादा लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून धम्मदीक्षेच्या सभेला गेले होते. मी बापाच्या खांद्यावर गेलतो, असे मरेपर्यंत सांगायचे.

"त्याच्या बापानं पुसलं," आई म्हणाली, "आन ह्या मेल्यानं परत चिकटवलं. बंद कर."

मी बंद केले. हात धुवावेसे वाटले, धुतलेही.

शेवटी जे घेतले ते दिसायला एकदम भिकार होते. परदेशातल्या हौशी लोकांनी बनवून फुकट ठेवलेले. ना जाहिरात, ना सुंदर करायचे बटण. उघडले की पांढरे पान. काढाल तेवढेच उमटते. पुसायचे कसे, हे शोधण्यात माझी एक संध्याकाळ गेली. पण एक थर कातडीचा, त्यावर एक जखमेचा, असे वेगवेगळे काढता येत होते, आणि शरीर असे थराथराने काढायची मला सवय आहे. सुट्टीभर बसले. कान मोठे झाले, मान जाड झाली. डावा डोळा मात्र बारकाच ठेवला, आणि रंग होता तसा. मग पोपट काढून तिथे दादा लावले.

आईने पडदा जवळ ओढला.

"कान कुनाचं लावलंस गं?"

"चुकलेत."

"आसू दे. डोळा त्याचाच हाय. भाकर करपली की आसाच बघायचा." मग भिंतीकडे हात केला. "आता त्यो साहेब खाली घे."

धाकटा भाऊ तिथेच होता. त्याचे तोंड उतरले. "आक्का, निस्ता बनियन काढलाय तू दादाच्या अंगात. कोटातला फोटू काढल्यावर पाव्हन्यांला काय दावायचं?"

"पाव्हन्यांचा नवरा व्हता का रं त्यो?" आई म्हणाली.

फोटो मी खाली घेतला. भाऊ तो काखेत मारून आपल्या घरी घेऊन गेला.

थोड्या वेळाने आतून आईची हाक आली, "आगं, गेला की ह्यो!" पडदा काळा पडला होता. हात लावला नाही की काही मिनिटांनी तो आपोआप विझायचा. ती सोय मी बंद करून टाकली. तीही कुणीतरी न विचारताच लावून ठेवली होती.