हिराबाईंचा पाय

टेबल तयार होतं, ट्रॉली लावलेली होती, भूलतज्ज्ञ मॅडम येऊन बसल्या होत्या आणि पेशंट संमतीच्या फॉर्मवर सही करायला तयार नव्हती.

मी तेव्हा नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलात ओटी सिस्टर होते. ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. तिथली शिस्त माझ्याकडे, आणि खोटं कशाला बोलू, त्या शिस्तीचा मला भारी तोरा होता. केस पाच मिनिटं लांबली तरी माझं डोकं फिरायचं.

पेशंट होत्या हिराबाई. वय सत्तरीच्या आसपास. मखमलाबादच्या पुढे त्यांचा मळा. झेंडू आणि शेवंती लावायच्या, फूलबाजारात आणून विकायच्या. शुगर जुनी. शुगर असली की पायाची संवेदना कमी होते, काही टोचलं तरी कळत नाही. टाचेत काटा मोडला तो यांना समजलाच नाही. जखम चिघळली आणि गँगरीन झालं, म्हणजे पायाचा तेवढा भाग मेला. घोट्यापर्यंत काळं पडलं होतं आणि वर पोटरीला लाली चढली होती. त्या दिवशी कापला तर गुडघ्याखाली कापता येणार होता. गुडघा राहिला की कृत्रिम पाय लावून माणूस चालतो. एखादा दिवस उशीर झाला तर गुडघाही जाणार, आणि त्या वयात गुडघा गेलेली बाई बहुतेक खाटेवरच राहते. त्याहून उशीर म्हणजे जिवावरच.

हे सगळं आदल्या दिवशी समजावून झालं होतं. तेव्हा त्या "बरं" म्हणाल्या होत्या. सकाळी मात्र एकदम नाही.

त्यांचा मुलगा रावसाहेब रडवेला झाला होता. "सिस्टर, आई ऐकतच नाय. माझी सही घ्या ना. मी पोरगाच हाय तिचा."

मला तेच हवं होतं. फॉर्म घेऊन मी शेवाळे सरांकडे गेले. सर आमचे सर्जन. माणूस कमी बोलणारा.

"सर, मुलगा सही देतोय. घेऊन टाकू?"

"पेशंट शुद्धीवर आहेत ना?"

"आहेत."

"मग पाय कोणाचा आहे?"

"सर, मागे हर्नियाची केस थांबलीय."

"थांबू दे."

सर वॉर्डात गेले. मागोमाग मी, मनातल्या मनात तणतणत. हिराबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. सर स्टूल ओढून बसले. आता परत शुगर, इन्फेक्शन, जिवाला धोका असं सगळं पहिल्यापासून सांगणार, असं मला वाटलं. त्यातलं काहीच त्यांनी काढलं नाही. एवढंच म्हणाले, "आजी, काल तुम्ही हो म्हणालात. आज काय झालं?"

"काय नाय."

"कोणी काही बोललं का?"

त्या हळूहळू वळल्या. "कापलेला पाय कुठं जातो, डॉक्टर?"

सरांनी स्टूल आणखी जवळ ओढलं.

"मी ऐकलंय सकाळी. पिवळ्या पिशवीत कोंबायचा आन गाडीत टाकायचा. मालक गेले तव्हा ह्याच पायांनी मी डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला गेले. दोन लेकरं वाढवली. तो कचऱ्यात जायचा असंल तर नको मला. अख्खीच जाळा मग."

ते बोलणारी मीच होते. सकाळी वॉर्डच्या दारात सफाईच्या मावशींना मी सांगत होते, "आज पाय निघणार आहे, मोठी पिवळी पिशवी काढून ठेवा, बाराला गाडी येते." नियम तसाच आहे. शरीराचा कापलेला भाग पिवळ्या पिशवीतून बंद गाडीने जाळायला जातो. नियमात मी काही चुकले नव्हते. पण तो मी पेशंटच्या उशापासून चार हातांवर, खणखणीत आवाजात सांगितला होता.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा बघूनच त्यांना कळलं असावं. आता सगळ्या वॉर्डासमोर झापणार, अशी मी तयारी केली. ते उठले आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"बसा सिस्टर. तुम्हीच बोला त्यांच्याशी."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी पेशंटजवळ कधी बसले नव्हते. बसले. "आजी, ते मी बोलले. चुकलं माझं." त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मग सर म्हणाले, "आजी, पाय तुमचा आहे. घरच्यांनी लेखी मागितला तर आम्ही त्यांच्या ताब्यात देतो. रावसाहेब मळ्यात नेऊन पुरतील. चालेल?"

"तुमच्या हातानं द्याल?"

"माझ्या हाताने देईन."

हिराबाईंनी सही केली. सबंध नाव लिहिलं. पाऊण तास गेला होता आणि त्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही.

ऑपरेशन नीट झालं. गुडघा वाचला. पाय वेगळा झाल्यावर सर म्हणाले, "स्वच्छ पुसून द्या." मी तो कोमट पाण्याने पुसला. काळा पडलेला, वास येणारा पाय. टाचेच्या भेगांत मळ्याची माती बसली होती, ती काही निघाली नाही. मला रडू आवरेना. ओटीत मी त्याआधी कधी रडले नव्हते.

आत प्लास्टिक आणि वरून पांढरी चादर गुंडाळून दिली. सरांनी तो दोन्ही हातांनी बाहेर नेला आणि रावसाहेबांच्या हातात ठेवला. सोबत सही-शिक्क्याचं पत्र दिलं, वाटेत कोणी अडवलं तर भलताच संशय यायला नको म्हणून. रावसाहेबांनी पाय आधी कपाळाला लावला, मग गाडीकडे गेले.

काही महिन्यांनी हिराबाई ओपीडीत आल्या. कृत्रिम पाय लावून, काठी टेकत, पण स्वतः चालत. सरांसमोर आल्या आणि नमस्काराला वाकायला लागल्या. सरांनी घाईने त्यांना धरलं.

"आजी, अहो, मी तुमच्या मुलाच्या वयाचा आहे."

"असू द्या," त्या म्हणाल्या. "पाय काय, कोनीबी कापला असता. तुम्ही मला इचारलं."

"शुगर तपासली का?" एवढंच सरांनी विचारलं. डोळे मात्र भरले होते. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

निवृत्त होईपर्यंत मी नव्या सिस्टरना एक गोष्ट सांगत आले. पेशंट सही नाकारत असेल तर पुन्हा समजावायला जाऊ नका. आधी बसा, आणि त्याने काय ऐकलंय ते विचारा. पुष्कळदा ते आपल्याच तोंडून गेलेलं असतं.